‘नव्वद टक्के गेम भरताड’ म्हणे!

चवथीच्या आधीपासून एक लांबलचक मेसेज आमच्या नात्यागोत्यात फिरतोय. ‘पालकांनो सावधान! व्हिडिओ गेमच्या नावाखाली चाललेली लूट’ हे शीर्षक, त्याच्या दोन्ही बाजूंना लाल दिवे आणि खाली ‘एका आयटी इंजिनियरचा स्वानुभव’. इंजिनियरला नाव नाही, गाव नाही. साखळी गावच्या काकांनी तो पाठवला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. काका काहीही पाठवतात. पण फोंड्याच्या वहिनीने तो नुसता पुढे ढकलला नाही, तर अमलात आणला. माझ्या भाच्याने वाढदिवसाचे आणि मे महिन्यात पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे साठवून एका गेमची वापरलेली डिस्क घ्यायचं ठरवलं होतं. ती रद्द झाली. ‘फुकटचे गेम खेळू द्या, त्यात लूट नसते’ असं मेसेजमध्येच लिहिलेलं, म्हणून तिने स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला. पुढे काय झालं ते सांगतेच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. खरा गेम पाच-सहा तासांचाच असतो. बाकी नव्वद टक्के भाग म्हणजे चार-पाच हजारांची किंमत पटवण्यासाठी कोंबलेलं भरताड. कंपन्या तासांवर दर लावतात, म्हणून तास वाढवतात. आपल्या लहानपणीचे मारिओ आणि कॉन्ट्रा कसे आटोपशीर आणि प्रामाणिक होते. साइड मिशन, म्हणजे मुख्य कथेबाहेरची कामं, हा निव्वळ वेळकाढूपणा. उपाय काय, तर विकतचे गेम बंद करा, मोबाइलवरचे फुकटचे द्या. आणि विकतचाच हवा असेल तर खालच्या लिंकवरून ‘फुल व्हर्जन’ मोफत उतरवून घ्या. शेपटीला, परदेशी कंपन्यांचे खिसे भरू नका, भारतीय गेम खेळा.

क्रमाने जात नाही. उपायापासूनच सुरू करते, कारण या मेसेजमधल्या रोगापेक्षा औषध जास्त घातक आहे.

‘फुकटच्या गेममध्ये भरताड नसतं, कारण तिथे किंमतच नसते.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने फुकटचा एखादा गेम सलग आठवडाभर तरी खेळून पाहिलाय का? विकतच्या गेमचा हिशेब दुकानातच मिटतो. डिस्क घेतली, पैसे दिले. आता तुम्ही तो दहा तास खेळा, शंभर तास खेळा नाहीतर कपाटात टाका, त्या वेळेचा कंपनीला वेगळा छदाम मिळत नाही. फुकटच्या गेमचं उलटं असतं. घेताना तुम्ही काहीच दिलेलं नसतं, म्हणजे जी काही कमाई करायची ती तुम्ही खेळायला लागल्यावर. ती कशी करणार? काही गेम जाहिराती दाखवतात, काही कपडे-रंग विकतात, ते एकवेळ ठीक. बाकीचे खेळणाऱ्याची वाट अडवतात. तेच ते काम पुन्हा करायला लावतात, ताटकळत ठेवतात, आणि पुरता वैतागला की ‘थोडे पैसे टाक, लगेच पुढे जा’ म्हणतात. तिथे भरताड चुकून राहिलेलं नसतं. तो धंदाच असतो.

काका स्वतः दुपारी जेवून आडवे झाले की कॅण्डी क्रश खेळतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. पाच जीव मिळतात. गेलेला एक जीव परत यायला तीस मिनिटं. पाचही गेले की सगळे भरायला अडीच तास; तेवढं थांबा, ओळखीपाळखीच्यांकडे मागत फिरा नाहीतर पैसे द्या. या अडीच तासांत खेळ म्हणून काय घडतं? काहीही नाही, घड्याळ उलटं चालतं. २०१२ साली आलेला हा गेम उतरवायला एक रुपया पडत नाही, आणि त्याची एकूण कमाई २० अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचं किंग या त्याच्या कंपनीनेच २०२३ मध्ये जाहीर केलं. किंमत शून्य आणि कमाई २० अब्ज डॉलर! ‘भरताड असतं ते किंमत पटवायला’ हा सिद्धान्त खरं तर इथेच आडवा व्हायला हवा. २०१२चाच क्लॅश ऑफ क्लॅन्स घ्या. सुरुवातीला बांधकामं मिनिटांत उरकतात, हात बसला की तासांवर जातात आणि वरच्या पातळ्यांवर एकेका बांधकामाला कित्येक दिवस लागतात. हिरवी रत्नं ओतली की तेच काम त्या क्षणी पूर्ण. रत्नं अर्थातच विकत मिळतात.

आता फोंड्याची गोष्ट. कुठला गेम ते लिहीत नाही, सगळे एका माळेचे मणी. भाच्याच्या हातातला फोन घेऊन मी त्याच्या शेजारी बसले. पडद्यावर एक तटबंदी, तिच्यावर हातोडा मारणारा एक माणूस आणि त्याच्या डोक्यावर ‘५ तास १२ मिनिटं’. खाली हिरवं बटण: ‘आत्ताच पूर्ण करा’. मागे जायचं बटण दाबलं तर खेळ बंद होण्याआधी एक पेटी उघडली, ‘फक्त आजच, ७० टक्के सूट’. कालही होती म्हणाला, परवाही होती. सात दिवस रोज हजेरी लावली तर सातव्या दिवशी मोठं बक्षीस, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आजीच्या घरी गेलो तरी फोन न्यावा लागतो, हे त्याने मला अगदी गंभीरपणे समजावलं. वय वर्षं अकरा. आणि वहिनीच्या खात्यातून नव्वद-नव्वद रुपयांचे तुकडे जात होते. एवढ्याशा रकमेचा मेसेज बँकेकडून आला तरी कोण बघतं? दादाने महिन्याचं स्टेटमेंट काढलं तेव्हा बेरीज त्या रद्द केलेल्या डिस्कच्या पुढे गेलेली. डिस्क निदान वापरून झाल्यावर परत विकता आली असती.

लिंकबद्दलही बोलायलाच हवं. ‘फुल व्हर्जन’ची ती लिंक कुठल्याही अधिकृत दुकानात जात नाही, थेट एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल उतरवते. फोन आधी इशारा देतो, की अनोळखी ठिकाणचं ॲप आहे. मेसेजमध्ये लिहिलंय की ‘इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून अलाऊ करा’. गेमला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी कशाला लागते हो? ओटीपी एसएमएसवरच येतो, म्हणून लागते. लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने, वाहतुकीच्या चलनाच्या नावाने अशाच एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. मुलांना लुटीपासून वाचवा म्हणणारा मेसेज त्याच वाटेवर आणून सोडतो आणि आपण तो ‘सर्वांच्या माहितीसाठी’ म्हणून पुढे पाठवतो. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत. हा मुद्दा कोणीतरी मुद्दाम घातलेला असावा, असा मला दाट संशय आहे.

‘आपल्या वेळचे गेम.’ हे वाचून मला हसू आलं, कारण आपल्या वेळचे गेम मी खेळलेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळायची ती पिवळी कॅसेट आठवते का? ‘९९९९ इन १’. यादी पानामागून पान सरकत राहायची आणि गेम असायचे मोजून डझन-दोन डझन. तोच कॉन्ट्रा पहिल्या लेव्हलपासून, तोच दुसऱ्या लेव्हलपासून, तोच जास्त जीव देऊन, दर वेळी वेगळ्या नावाने. भरताडाचं याहून निर्मळ उदाहरण जगात नसेल. तो दोष नकली कॅसेटवाल्यांचा, मूळ गेम स्वच्छच होते, असं कोणी म्हणेल. मग मूळ गेमच घ्या. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स: आठ जगं, प्रत्येकात चार लेव्हल. त्यातल्या पुढच्या जगांतल्या काही लेव्हल या आधीच्याच, थोड्या अवघड करून पुन्हा वापरलेल्या आहेत. पाचव्या जगातली तिसरी म्हणजे पहिल्यातली तिसरीच. आणि राजकन्या? सात किल्ले सर केले तरी दर वेळी तेच उत्तर, की ती दुसऱ्या किल्ल्यात आहे. त्याच वर्षीच्या घोस्ट्स एन गॉब्लिन्सने तर कहर केला होता. जिवाचं रान करून शेवटाला पोचलात की गेम सांगतो, हा सैतानाचा चकवा होता, आता पहिल्यापासून परत खेळा. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतर. आज कुठल्या कंपनीने असं केलं तर तिच्या कचेरीवर मोर्चा जाईल.

आणि ते स्वस्त होते हेही कोणी सांगितलं? नकली कॅसेट स्वस्त होत्या. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुपर निन्टेण्डोच्या काही कॅसेट ७० डॉलरपर्यंत विकल्या गेल्या. आज तिथे मोठ्या नव्या गेमची किंमत साधारण तेवढीच आहे, आणि मधल्या तीस वर्षांत महागाईने डॉलरची किंमतही घटलीय.

आता मुख्य दावा, की किंमत तासांवर ठरते. तसं असतं तर ताशी दराचा कुठेतरी मेळ बसला असता. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट हा प्लेस्टेशन ५चा गेम २०२१ मध्ये भारतात ४,९९९ रुपयांना आला, कथा दहा-बारा तासांत संपते. बाल्डर्स गेट ३ हा २०२३चा गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात २,९९९ रुपयांना. सावकाश खेळणाऱ्याला सत्तर-ऐंशी तासही पुरत नाहीत. स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने एकट्याने बनवला, पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि लोक त्यात शेकडो तास घालवतात. कुठला दर लावला इथे? शिवाय तोच गेम दोन वर्षांनी सेलमध्ये पाव किमतीला येतो, तेव्हा त्यातले तीन-चतुर्थांश तास कापून घेतात का? अमेरिकेत मोठ्या गेमचा ठरलेला भाव २००५-०६पासून ६० डॉलर होता, २०२० नंतर तो ७० झाला, आणि हा भाव दहा तासांच्या गेमलाही तोच असतो आणि साठ तासांच्याही. सिनेमागृहाचं तिकीट काही लांबीवर ठरत नाही, मग इथेच ते तसं असेल असं का वाटावं?

किंमत कशावर ठरते त्याचा थोडा अंदाज २०२३ मध्ये आला. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीने दिलेले कागद काळ्या मार्करने खोडलेले होते, पण स्कॅन केल्यावर खालचे आकडे वाचता येत होते. द लास्ट ऑफ अस पार्ट २ बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते, होरायझन फॉरबिडन वेस्टला सुमारे २१ कोटी. एवढा खर्च करणारी कंपनी भाव ठरवताना खर्च बघते, बाजारात चालू असलेला भाव बघते, लोक किती देतील ते बघते. त्यात लोभ नसतो असं मी म्हणत नाही.

लोभाचं निघालंच आहे, तर इथे थोडी माघार घेते. मेसेजमध्ये अर्धा आणा सत्य आहे. पैसे घेऊन विकलेल्या गेममध्येही मुद्दाम रेंगाळवून पुढे जायचा शॉर्टकट वेगळा विकल्याची उदाहरणं आहेत. असॅसिन्स क्रीड ओडिसीने २०१८ मध्ये पूर्ण किंमत घेतल्यावर कायमचा दीडपट एक्सपी (पुढची पातळी गाठायला लागणारे गुण) देणारा बूस्टर १० डॉलरला विकायला ठेवला. मग मूळचा वेग मुद्दाम मंद ठेवलाय असं लोकांना वाटलं तर त्यांची काय चूक? त्याहून वाईट शॅडो ऑफ वॉर, २०१७. गोष्ट जवळजवळ संपल्यावर शेवटच्या अंकात एकामागून एक किल्ले राखत बसायचं, पुन्हा तेच हल्ले, पुन्हा तेच ओर्क (राक्षसी सैनिक), आणि चांगले ओर्क हवे असतील तर पैसे देऊन पेट्या उघडायच्या. खरा शेवट या सगळ्याच्या पलीकडे. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २०१८च्या एप्रिलमध्ये बनवणाऱ्यांनीच कबूल केलं, या विक्रीने गेमच्या गाभ्याला धक्का बसत होता. जुलैमध्ये ते दुकान पूर्ण काढून टाकलं आणि शेवटचा अंकही आटोपता केला.

पण यात नेमकं काय सिद्ध झालं ते बघा. दुकान गेलं तेव्हा लांबणही गेलं. म्हणजे भरताड आलं होतं ते सुरुवातीच्या किमतीपायी नाही, नंतरच्या विक्रीपायी. फुकटच्या मोबाइल गेमांची युक्ती विकतच्या गेममध्ये घुसली होती, एवढाच त्याचा अर्थ. आणि मेसेज आपल्याला त्याच युक्तीच्या माहेरी पाठवतोय.

आणखी एक कबुली. जाहिरात करणारे तास मिरवतात, हे खरं आहे. डाइंग लाइट २ येणार होता तेव्हा, २०२२च्या जानेवारीत, टेकलँड कंपनीने अभिमानाने जाहीर केलं की गेम शंभर टक्के पूर्ण करायला किमान ५०० तास लागतील. वॉर्साहून माद्रिदला चालत जायला लागतील जवळपास तेवढे. आणि झालं काय? लोक खूश व्हायच्या ऐवजी वैतागले. आमच्याकडे नोकरी आहे, पोरं आहेत, ५०० तास आणायचे कुठून? कंपनीला घाईघाईने खुलासा करावा लागला की मुख्य कथा वीसेक तासांचीच आहे, साइडची कामं धरून ऐंशी.

म्हणजे भरताड असतं. मी नाकारत नाही. ते येतं कुठून हा प्रश्न आहे, आणि मेसेजवाल्या इंजिनियरने तो स्वतःला विचारलेलाच नाही.

पुष्कळदा ते घाईतून येतं. झेल्डा मालिकेतला द विंड वेकर, जपानमध्ये डिसेंबर २००२. शेवटाकडे ट्रायफोर्सचे आठ तुकडे समुद्रातून वर काढायचे असतात. त्यासाठी आधी आठ नकाशे शोधायचे, मग ते वाचून घ्यायला टिंगल नावाच्या एका आचरट इसमाला प्रत्येकी ३९८ रुपी द्यायचे (गेममधलं नाणं, आपला रुपया नव्हे, पण पैसे उकळायची तऱ्हा ओळखीची), मग जहाज घेऊन त्या त्या जागी जायचं आणि गळ टाकायचा. आठ वेळा. एवढ्या देखण्या गेमला हे ठिगळ का? कारण वेळ संपत आला होता आणि योजलेली काही भुयारं गाळावी लागली होती. दिग्दर्शक एइजी आओनुमा यांनी ते पुढे मान्य केलं. भुयार बांधायला महिने जातात, समुद्रात पेट्या टाकायला तेवढे जात नाहीत. २०१३ मध्ये तोच गेम नव्याने आला तेव्हा आठातले पाच तुकडे नकाशाशिवाय थेट मिळतील अशी सोय केली. किंमत अमेरिकेत पहिल्यांदाही ५० डॉलर होती, दुसऱ्यांदाही ५० डॉलरच. भरताड कमी झालं म्हणून गेम स्वस्त विकावा लागला नाही. किंमत पटवायला भरताड लागतं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि कंपन्यांना लांबी हवीच असते, हेही खरं नाही. द विचर ३ हा २०१५चा गेम लांबीसाठीच ओळखला जातो. तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडचे वरिष्ठ क्वेस्ट डिझायनर (गेममधल्या मोहिमा रचणारे) पॅट्रिक मिल्स २०२० मध्ये, सायबरपंक २०७७ यायच्या थोडं आधी, उघडपणे म्हणाले की या नव्या गेमची मुख्य कथा आम्ही थोडी आखूड ठेवलीय. कारण विचर फार लांबला अशा तक्रारी होत्या, आणि आकडे बघितले तर असंख्य लोक खूप पुढपर्यंत खेळून शेवटाला न पोचताच थांबलेले दिसतात. कोण कुठवर पोचलं हे कंपनीला दिसत असतं. कोट्यवधी खर्चून बांधलेला शेवट कोणी बघितलाच नाही, तर त्यात कोणाचा फायदा? माझ्या मते या एका विधानापुढे अख्खा मेसेज टिकत नाही.

साइड मिशनबद्दल जास्त लिहीत नाही. विचर ३ मध्येच दोन्ही टोकं आहेत. त्यातल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशाभर प्रश्नचिन्हं पसरलीत. होडी घेऊन जा, तरंगणारी पिंपं उघड, चार दिडक्या घे, पुढच्या चिन्हाकडे जा. ते भरताडच आहे, मी अर्ध्यावर सोडलं. पण त्याच गेममध्ये एखाद्या खेड्यातल्या विहिरीवरच्या भुताचं काम घ्यावं आणि त्याखाली एका बाईची सबंध कहाणी निघावी, असंही होतं. मुख्य कथेला दोन्हींची गरज नाही. म्हणून दोन्ही सारखीच का? पेडण्याच्या जत्रेत दशावताराचं आख्यान सुरू व्हायच्या आधी संकासुर येऊन सूत्रधाराशी मालवणीत हुज्जत घालतो, त्यात कथा इंचभर पुढे सरकत नाही, आणि अर्धी पोरंटोरं त्याच्यासाठीच जागी असतात. तो गाळून थेट आख्यान लावा असं मंडळाला सांगून बघा.

राहिली शेपटी, भारतीय गेम खेळा. जरूर खेळा. पण त्यांच्या वाट्याला काय आलं तेही ऐका, कारण तासांची मोजदाद कोण करतं ते तिथे दिसतं. वेन्बा हा टोरांटोच्या विसाई गेम्सचा २०२३चा गेम (कंपनी कॅनडातली, पण विषय आपल्याकडचा): तमिळ आई कॅनडात संसार मांडते, तिच्या आईच्या फाटक्या वहीतून पाककृती जुळवायच्या, पहिलीच इडली. साच्यांची चळत कशी लावायची हेच कोडं. दीडेक तासात संपतो, एक मिनिट वाया जात नाही. २०२४ मध्ये त्याला पदार्पणासाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, आणि तरी कुरकुर काय, तर ‘१५ डॉलरला एवढाच?’ स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे, माझी तक्रार नाही. पण २०२१ मध्ये एमिका गेम्सच्या एकट्या निर्मात्याने जाहीर केलं की मी आता थांबतो. त्याचा समर ऑफ ’५८ हा गेम दोन तासांच्या आत संपायचा, लोक तो पूर्ण खेळायचे आणि मग पैसे परत घ्यायचे. दुसऱ्या कुणी यातून काय धडा घ्यावा? गेममध्ये आणखी तासभर काहीतरी घाला, एवढाच.

आणि आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२०. धाकट्या भावाला राक्षसाने पळवलंय आणि दोरावर कसरती करणारी बहीण त्याला शोधत राजवाड्यांमधून, वाळवंटातून जाते. पहाडी शैलीची चित्रं, भिंतीवर कोरलेल्या पुराणकथा. पाच-सहा तासांचा गेम, म्हणजे मेसेजवाल्याच्या मते जेवढा ‘खरा गेम’ असतो तेवढाच. शेवट जरा तुटक झालाय, हे मलाही जाणवलं. पण सगळ्यात मोठी तक्रार कसली झाली? छोटा आहे म्हणून. माझ्या वाळपईच्या मावसभावाने तो एका रविवारात संपवला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘पैसे वसूल नाहीत.’ लुटीचा मेसेज यंदा सगळ्यात जास्त ठिकाणी त्यानेच पाठवलाय. मी त्याला विचारलं, वसूल व्हायला राजीमध्ये आणखी दहा तास कशाने भरायला हवे होते? अजून उत्तर नाही. निळ्या टिका मात्र आल्यात.